पोट्ट्या मागं पयतेत तो डबा

मागच्या सोमवारी सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावतच होतो तं आमच्या गल्लीतला एक पोट्टा आला. नाव नाही सांगत. वय चौतीस, चार एकर वावर, त्यात दोन एकर संत्रा, सुपारीचंही व्यसन नाही. पांढरा शर्ट, इस्त्री इतकी कडक की वाकला तर मोडंल. काटोलकडं पोरगी पाहायला निघाले होते. म्हणे, "भाऊ, तो डबा दे ना, पोट्ट्या मागं पयतेत तो."

मी म्हटलं असा माल माझ्याकडं असता तं मी इथं बिस्किटं विकत बसलो असतो काय. पण त्याला मोबाईलवर जाहिरात पाहिलेला डिओच पाहिजे होता, तो दिला. त्यानं तिथंच काउंटरसमोर झाकण काढलं, दोन्ही बगलेत मारला, छातीवर, मानेवर, मग पँटवर सुद्धा, अन् मग बापाच्या हातात दिला, "बाबा, तुम्ही बी मारा." काकाजी म्हणाले, "काहून बे? माह्या अंगाले गोठ्याचा वास येते काय?" पोट्टा काही बोलला नाही, नुसता बोलेरोकडं पाहत राहिला. काकाजीनं गुपचूप धोतरावर दोन फवारे मारले अन् आठ माणसं काच लावून निघून गेली.

तेव्हापासून डोक्यात चालू आहे म्हणून लिहितो. बारा वर्षं झाली हे डबे विकून रायलो, जाहिराती पण तेवढ्याच पाहिल्या.

पहिली गोष्ट म्हणजे वास काही मोबाईलमधून बाहेर येत नाही. तेल विकायचं तं केस दाखवता येते, साबण विकायचा तं फेस दाखवता येते, वासाचं काय दाखवता? म्हणून जाहिरातवाले वास दाखवतच नाहीत, वास घेणाऱ्या बाईचं तोंड दाखवतात. ती मान वळवते, डोळे मिटते, ओठ जरासे उघडे, सगळं स्लो मोशनमध्ये, मागून कोणीतरी कुजबुजल्यासारखा आवाज. आपण ते तोंड पाहतो अन् वास मनातल्या मनात आपणच तयार करतो, ज्याला जसा पाहिजे तसा. बाटलीपण बघा. 1937 मध्ये स्कियापरेली नावाच्या डिझायनर बाईनं सेंटची बाटली काढली ती बाईच्या धडाच्या आकाराची, 1993 मध्ये गोतिए नावाच्या डिझायनरनं परत तेच केलं. नावं काय तर पॉयझन, ओपियम, ऑब्सेशन. आपल्याकडं कोणी विष अन् अफू म्हणून काही विकायला बसला तर पोलीस पाटील येईल.

पण त्याच्याही आधी एक काम करावं लागते. आधी तुला पटवावं लागते की तुझ्या अंगाचा वास मारते. हे लय जुनं आहे. 1919 साली अमेरिकेत ओडोरोनो नावाच्या घामाच्या औषधाची जाहिरात लेडीज होम जर्नलमध्ये आली होती, बायांना सांगणारी की बाई, तुझ्या बगलेचा वास येतो, तुला कळत नाही अन् लोक तोंडावर सांगत नाहीत. दोनेकशे बायांनी रागानं अंक बंद केला म्हणतात. अन् वर्षभरात विक्री दुपटीच्या वर गेली. राग आला पण डबा घेतला. आमच्या काकाजीनं पण तेच केलं, फक्त शंभर वर्षांनी अन् धोतरावर.

तसा ताज्या घामाला वास जवळजवळ नसतोच, कातडीवरचे जंतू तो घाम खातात तेव्हा वास येतो. आंघोळ केली, कपडे धुतले की झालं. पण आमच्याकडं पोरं गोठा काढतात, कपाशीवर फवारणी करतात, त्या औषधाचा वास दोन पाण्यानं निघत नाही शर्टातून. ही लाज आधीच भरलेली आहे, जाहिरातीनं नुसती काडी लावायची.

मग दुसरा भाग, पोरगी. अ‍ॅक्स नावाच्या डिओच्या 2006 च्या जाहिरातीत समुद्राकाठी एकटा गडी दोन्ही हातांनी फवारा मारत असतो अन् डोंगरावरून, पाण्यातून शेकडो बाया त्याच्याकडं पळत सुटतात. आमचा माणूस तुरीवर तसाच फवारा मारते, तं अळी पडते. माझी बायको ही जाहिरात पाहून म्हणाली होती, "माणूस म्हंजे गूळ अन् बाई म्हंजे माशी, असं दाखवतेत हे." यापेक्षा चांगलं मला तरी सांगता येणार नाही. आणि खरं सांगायचं तर माणसाच्या अंगावर बाईला खेचणारा असा कोणता वास असते हे अजून कोणी सिद्ध केलेलं नाही, जनावरांत असते ते वेगळं. 2016 मध्ये त्याच कंपनीनं सूर बदलला, मोठ्या नाकाचा माणूस दाखवला, तुझ्याजवळ जे आहे तेच वापर म्हणे. बरं झालं, पण आमच्या पोट्ट्यांच्या डोक्यात तोपर्यंत पळणाऱ्या बायाच बसल्या होत्या.

आपल्याकडं तं मे 2011 मध्येच माहिती व प्रसारण मंत्रालयानं डिओच्या चावट जाहिरातींवर जाहिरात परिषदेला कारवाई करायला सांगितलं होतं. अन् जून 2022 मध्ये लेयर शॉट नावाच्या डिओची ती जाहिरात आली, दुकानात चार पोरं, एकटी पोरगी, अन् 'शॉट कोण घेणार' असं दोन अर्थी बोलणं. पोरीचा चेहरा आठवा, ती घाबरते अन् मग तो डबा दिसला की तिच्या जीवात जीव येते. सरकारनं ट्विटर अन् यूट्यूबला ती काढायला लावली. माझी पुतणी अमरावतीला शिकते, शेवटच्या एसटीनं येते, ती म्हणाली काका, तुम्ही तो डबा नका ठेवू. नाही ठेवला. धंद्याचं नुकसान काही झालं नाही, झालं असतं तर ठेवला असता का नाही, ते मलाही सांगता येत नाही.

फॉग नावाच्या डिओवाल्यानं मात्र डोकं लावलं. 2011 मध्ये आला तेव्हा बाकीचे सगळे बाई दाखवत होते, यानं हिशेब दाखवला. बाकीच्या डब्यात गॅस आहे, आमच्यात गॅस नाही, एवढंच. शेतकऱ्याला हे लगेच कळते, पोत्यात खडे भरून विकणारा व्यापारी त्यानं पाहिलेला असते. अजूनही गिऱ्हाईक नाव घेत नाही, बिनगॅसचा मागते.

मला स्वतःला वासाचं वावडं नाही, उलट लय शौक आहे. वासाचा रस्ता डोक्यात जिथं आठवणी अन् भावना असतात तिथं थेट जाते म्हणतात, ते खरं असावं, कारण वाळ्याच्या टट्टीवर पाणी मारलं की मला अजून आजोबांची ओसरी दिसते. लहानपणी उरुसात अत्तरवाला बसायचा, उत्तर प्रदेशातल्या कनौजचा माल. हाताच्या पाठीवर काडी फिरवायचा, म्हणायचा हुंगून पाहा, जरा फिरून या, मग घ्या. पहिल्या पावसाच्या मातीचं अत्तर पण असायचं त्याच्याकडं, कनौजला भाजलेली माती डेगीत, म्हणजे मोठ्या भांड्यात घालून चंदनाच्या तेलात वाफ उतरवून काढतात ते. त्याच्या पेटीवर कोणत्या बाईचा फोटो नव्हता. अत्तर आपण हुंगून घेत होतो, डिओ आता पाहून घेतो, फरक एवढाच आहे अन् लय मोठा आहे.

अन् गंमत बघा, ज्या दिवशी पोट्टा डबा मारून गेला त्या दिवशी त्याच्या स्वतःच्या वावरात संत्र्याला आंबिया बहार, म्हणजे उन्हाळ्याआधीचा फुलोरा, फुटलेला होता. आधी पाणी थांबवून मग दिलं होतं, झाडं फुलांनी पांढरी झालेली, संध्याकाळी बांधावर उभं राहिलं की डोकं जड होते त्या वासानं. याच भावकीतल्या कडू संत्र्याच्या फुलांपासून नेरोली नावाचं तेल काढतात अन् ते जगातल्या महागड्या सेंटमध्ये जाते, 1921 च्या त्या शनेल नंबर 5 मध्ये सुद्धा. अन् हा भाऊ त्या बागेतून निघून माझ्याकडं दोनशे रुपयांचा डबा घ्यायला आला.

संध्याकाळी बोलेरो आली. मी विचारलं, काय झालं काकाजी? म्हणाले, "पोरीच्या बापानं दोनच गोष्टी इचारल्या, नोकरी हाय काय अन् नागपुरात फ्लॅट हाय काय. पोरीची आजी तं सारा वेळ नाकाले पदर लावून बसली होती." पोट्टा गाडीतून उतरलाच नाही.

काल परत आला. येत्या रविवारी आर्वीकडं जायचं आहे. म्हणे, "भाऊ, या वक्ती बिनगॅसचा दे."