सिबिल बिघडवायचंय? अगदी सोपं आहे

सिबिल म्हणजे आपण कर्ज कसं फेडतो याचा रिपोर्ट आणि त्यावरून मिळणारा स्कोअर. कोट्यवधींचं कर्ज बुडवून नाव कमावणं हे बड्या लोकांचं काम. त्यांच्या नादी लागू नका. आपल्याला परवडेल असा मार्ग ड्रॉवरमध्येच पडलेला असतो: 'लाइफटाइम फ्री' म्हणून गळ्यात मारलेलं क्रेडिट कार्ड. दुसऱ्या वर्षी त्यावर कसलीशी फी लागते. ती भरू नका. वापरलंच नाही तर भरायचं कशाला, हा बाणा सोडायचा नाही. फीवर जीएसटी, मग विलंब शुल्क, त्यावर पुन्हा जीएसटी, असं ते रोपटं न पाणी घालता वाढत राहतं. बँकेचे फोन येतील. 'लोन पाहिजे का' वालेच असणार असं समजून कट करा.

तिकडे रिपोर्टात प्रत्येक खात्यापुढे महिन्यांचे चौकोन असतात, मागच्या ३६ महिन्यांचे. पैसे वेळेवर गेले की '०००', नाहीतर थकलेल्या दिवसांचा आकडा: ०२९, ०६०, ०९१. नव्वद ओलांडले की तुम्ही एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. साडेतीनशे रुपयांतसुद्धा हा मान मिळतो, कारण त्या चौकोनात रक्कम लिहीत नाहीत, दिवस लिहितात.

रिपोर्ट मात्र चुकूनही उघडू नका. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम २०१७ पासून आहे. पण फुकटचं घेणं आपल्या तत्त्वात बसत नाही (लग्नातलं जेवण सोडून). शिवाय 'बघितला की स्कोअर पडतो' असं ऑफिसातल्या जाणकारांनी सांगितलेलंच आहे. स्वतः पाहिल्याने तो हलत नाही, हे त्यांना कळवायला जाऊ नका. हलतो तो एका आठवड्यात पाच बँकांकडे कर्जाचे अर्ज टाकल्याने. तेवढं जरूर करा. एकीने नाकारलं की लगेच दुसरी.

जमल्यास मेहुण्याला जामीन राहा. 'दाजी, नुसती सही तर आहे' म्हणेल तो. खरंच नुसती सही असते! त्याचं कर्ज तुमच्या रिपोर्टात येतं, आणि त्याचे थकलेले हप्तेही. गाडी तो फिरवतो.

आता सेटलमेंट. रिकव्हरीवाला एकदम मऊ आवाजात म्हणतो, "सर, ऐंशी हजार राहू द्या, तीसमध्ये मिटवून टाकू." मिटवा. पन्नास वाचले म्हणून घरी पार्टी करा. खात्यापुढे 'क्लोज्ड' ऐवजी 'सेटल्ड' लागतं, त्याची आठवण चार वर्षांनी गृहकर्जाच्या टेबलावर होते. साहेब स्क्रीनकडे बघून "हे एक सेटल्ड दिसतंय" म्हणतात आणि पुढे काहीच म्हणत नाहीत. उरलेले पैसे भरून खातं 'क्लोज्ड' करून घ्यायचं, नो ड्यूज सर्टिफिकेट मागून घ्यायचं, हे संशयी माणसांचे उद्योग. बँकेने तोंडी सांगितलंय ना, झालं की!

आणि समजा, नोंदच चुकीची निघाली? कधीच न घेतलेलं कर्ज, किंवा फेडूनही चालू दाखवलेलं? ऑनलाइन तक्रार फुकट करता येते. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या दर दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे, त्याच्याही वर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. पण एवढ्या लांब कशाला जायचं? 'पाच हजारांत सिबिल क्लीन' अशी जाहिरात मोबाइलवर येतेच. खरी नोंद कोणालाच पुसता येत नाही आणि खोटी तुम्हाला फुकटात दुरुस्त करून मिळते; मग मधल्या मध्ये हा गृहस्थ नेमकं काय करतो, असलं विचारून त्याचं मन मोडू नका. पॅन पाठवा, आधार पाठवा, ओटीपी मागितला तर तोही सांगा. तुमच्या नावावर आणखी एखादं कर्ज निघालंच, तर चौकोन भरायला तेवढाच हातभार.