अंगणवाडीच्या ताई राहून गेल्या
आपल्याला घडवणाऱ्या स्त्रियांवरचा हा लेख मनापासून आवडला. आई, आजी, शाळेतल्या बाई सगळ्या आल्या, पण शाळेच्याही आधी ज्यांनी आपलं बोट धरलं त्या अंगणवाडीच्या ताई राहून गेल्या. पाटीवर माझा हात धरून पहिलं अक्षर गिरवून घेतलं ते त्यांनीच.

अंगणवाडीची ही वाट आपल्याकडे घालून दिली बालशिक्षणासाठी झटलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी. १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला काम सुरू झालं, १९५७ मध्ये ते जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी मुलं वर्गात येईनात, कारण धाकटी भावंडं सांभाळायची, गुरं चारायची. मग या दोघींनी पाड्यावरच्या अंगणात शाळा नेली, आणि गुराख्या पोरांसाठी थेट कुरणात! बिया, खडे, शंख-शिंपले हेच शिकवायचं साहित्य. अनुताई स्वतः बालविधवा, त्या काळात जिद्दीनं शिकलेल्या. आजच्या अंगणवाड्या ज्यातून चालतात ती सरकारची बालविकास योजना आली ती पुढे १९७५ मध्ये.

आजही अंगणवाडी सेविकांना पगार नाही, मानधन मिळतं. कामं मात्र पोषण आहारापासून सर्वेक्षणापर्यंत. हे मला फार लागतं. लेखिकाताई, पुढचा लेख त्यांच्यावर नक्की लिहा.