ग्रामसभेला बसणार कोण?

राजापूर तालुक्यातील आमच्या गावात, एसटी थांब्यालगतच्या कट्ट्यावर, १ मेच्या संध्याकाळी ही चर्चा पेटली, कारण त्याच सकाळी गणपूर्तीअभावी ग्रामसभा तहकूब झाली होती. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे मतदार हजर असावे लागतात. नोंदवहीत सह्या झाल्या एकतीस, आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये माणसे आहेत साडेचारशे.

सड्यावरच्या, म्हणजे कातळी माळावरच्या, चिरेखाणीविरुद्धची ऑनलाइन मोहीम संदेशने मुंबईत बसून उभी केली होती. "फोनवरचे काम हलके समजू नकोस," तो प्राजक्ताला म्हणाला. "२०२० मध्ये टाळेबंदीत पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या मसुद्यावर लाखो हरकती ईमेलनेच गेल्या. एप्रिल २०२३ मध्ये बारसूला रिफायनरीविरोधात बायका भर उन्हात रस्त्यावर आडव्या झाल्या, ते मुंबईला मोबाइलमुळेच कळले ना?"

"बायका आधी आडव्या झाल्या, चित्रण मागाहून झाले," प्राजक्ता म्हणाली. "तू ज्या कातळशिल्पांचे फोटो फिरवतोस, ती शोधणारे वर्षानुवर्षे गावोगाव विचारत, तापलेले सडे तुडवत हिंडले, म्हणून २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पे युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि त्यांत बारसूचेही नाव लागले. आज सभेत मी मागच्या रांगेत बसून दोन तास दाराकडे बघत होते, रे."

इतका वेळ गप्प असलेल्या गुरुनाथने तेव्हा विचारले, "संदेश, तुझे नाव गावच्या मतदारयादीत आहे का?"

नव्हते. ते विरारच्या यादीत होते.

मला त्या क्षणी फार वाईट वाटले. चाकरमान्यांची माया मी कधीच उणी मानणार नाही. देवळाचा जीर्णोद्धार आणि शाळेचे छप्पर त्यांच्याच पैशांतून झाले आहे. परंतु ग्रामसभा ही गावच्या मतदारांची असते, आणि दोऱ्याने बांधलेल्या त्या पेनाने नोंदवहीत सही करण्याचा हक्क ज्यांना आहे, ते तरुण खोलीबाहेर राहिले, तर मोहिमेला तीन हजार पाठिंबे मिळूनही खाणीविरुद्धचा ठराव होत नाही. उलट, तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, म्हणजे पुढच्या वेळी मोजकी दहा माणसे बसली तरी तीच गावाचा निर्णय करतील. प्राजक्ताचे म्हणणे मला म्हणूनच पटते. मात्र त्या माणसांना घरातून उठवून आणायला संदेशचा फोन लागेल, हेही तितकेच खरे.

"मग मी काय करू?" संदेशने विचारले.

"मेसेज टाकू नकोस. एकेकाला फोन कर," प्राजक्ता म्हणाली.

ग्रुपमधील नावे गुरुनाथने वहीत उतरवली आणि ज्यांची मते गावात आहेत त्यांच्यापुढे खुणा केल्या. त्या एकशे बारा भरल्या. पहिला फोन लागला तो रत्नागिरीत नोकरीला असलेल्या आमच्याच वर्गमित्राला. रजा गणपतीसाठी राखून ठेवली आहे, असे तो म्हणाला. संदेशने त्याच्याकडे त्यातला एकच दिवस मागितला.