टोनी आयोमीच्या बोटांवरच्या टोप्या

ब्लॅक सॅबथ या इंग्लिश रॉक बँडचा गिटारवादक टोनी आयोमी याच्याविषयी एक संदेश सध्या व्हॉट्सॲपवर गटागटांतून फिरतो आहे. कारखान्यात त्याच्या डाव्या हाताची दोन बोटे तुटली, डॉक्टरांनी गिटार सोडायला सांगितले, त्याने बोटांवर घालायच्या कृत्रिम टोप्या फेकून दिल्या, उपचारांना पाठ दाखवली, एकट्याच्या जिद्दीवर, उघड्या बोटांनी सहा महिन्यांत जग जिंकले, त्या अपघातातूनच हेवी मेटल हा रॉक संगीताचा भारदस्त प्रकार जन्मला, आणि तात्पर्य काय तर ‘जिद्द असेल त्याला टोप्या लागत नाहीत’.

दारव्हा तालुक्यातल्या माझ्या भाच्यापर्यंत हा संदेश पोहोचला नसता, तर मी त्याकडे ढुंकूनही पाहिले नसते. मागच्या सोयाबीनच्या हंगामात भाच्याच्या डाव्या हाताच्या दोन बोटांची टोके थ्रेशरच्या पट्ट्यात गेली. भीमगीतांच्या पार्टीत तो गिटार वाजवतो. नागपूरहून करून आणलेल्या सिलिकॉनच्या टोप्या घालून तो हळूहळू पुन्हा हात बसवत होता. संदेश वाचला आणि त्याने त्या डब्यात टाकून दिल्या. मी गेलो तेव्हा मधल्या बोटाची जखम उकललेली होती आणि तिसऱ्या तारेवर रक्त वाळलेले होते. “मामाजी, त्यानं तसंच केलं न, मंग मले काऊन जमत नाही?” असे त्याने विचारले. त्याने तसे केलेलेच नाही, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

आयोमीने स्वतःची हकिकत 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात सविस्तर सांगितली आहे. 1965 मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, बर्मिंगहॅममधल्या पत्र्याच्या कारखान्यात नोकरीच्या अगदी शेवटच्या दिवशी, त्याच्या वाट्याला रोजच्या कामाऐवजी पत्रा दाबण्याचे यंत्र आले आणि त्यात त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या व अनामिका या बोटांची टोके गेली. तो डावखुरा असल्यामुळे तारा दाबण्याचा त्याचा हात उजवा आहे. संदेश लिहिणाऱ्याला एवढेही ठाऊक नाही. डॉक्टरांनी गिटार विसरायला सांगितले, हे मात्र खरे आहे.

टोप्या फेकून देण्याची गोष्ट सपशेल खोटी आहे. त्या त्याने स्वतः घडवल्या. भांडी घासण्याच्या साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्याने तिचा गोळा केला, तापवलेल्या सोल्डरिंगच्या सळईने त्यात बोट बसेल एवढे भोक पाडले आणि शिंप्याच्या अंगुस्तानासारखा आकार येईपर्यंत तो पॉलिशपेपरने घासला. नुसते प्लास्टिक तारेवरून घसरत होते, म्हणून जुन्या जाकिटाचे कातडे कापून त्याने वर चिकटवले. टोपीतून तारेचा स्पर्श कळत नसल्यामुळे किती दाबायचे हे त्याला कानाने ठरवावे लागले. जाड तारा बोटांना सोसेनात आणि बारीक तारांचे संच तेव्हा सहज मिळत नव्हते, म्हणून त्याने बँजोच्या तारा लावून पाहिल्या. पुढची सगळी कारकीर्द त्याने बोटांवर टोप्या घालूनच केली आहे. ज्या माणसाने साधनासाठी एवढा जीव काढला, त्याच्या नावावर एका जखमी पोराला साधन सोडायला लावणे हा अपराध आहे, आणि तो संदेश विचार न करता पुढे ढकलणारा प्रत्येक जण त्यात सामील आहे.

‘एकट्याची जिद्द’ हेही तितकेच पोकळ आहे. तो खचून घरी बसला असताना कारखान्यातला वरिष्ठ त्याच्यासाठी जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्ट याची तबकडी घेऊन आला. 1928 मध्ये राहत्या गाडीला लागलेल्या आगीत राइनहार्टच्या डाव्या हाताची दोन बोटे निकामी झाली होती, तरी तो उरलेल्या दोन बोटांवर जॅझ वाजवत असे. ती तबकडी ऐकल्यावर आयोमी पुन्हा उठला. उपचारांना त्याने पाठ दाखवली, हेही खोटे आहे. 2012 च्या सुरुवातीला त्याला लिम्फोमा हा कर्करोग असल्याचे जाहीर झाले, त्याने रीतसर केमोथेरपी घेतली आणि 2013 मध्ये बँडचा नवा अल्बमही पूर्ण केला.

सहा महिन्यांचे म्हणाल, तर अपघात 1965 चा आहे आणि ब्लॅक सॅबथचा पहिला अल्बम 13 फेब्रुवारी 1970 चा.

हेवी मेटलचा मुद्दा अर्धा खरा आहे, एवढे मला नाइलाजाने मान्य करावे लागते. आयोमीने पुढे गिटारची स्वरपट्टी तीन अर्धस्वरांनी उतरवली. तारा सैल झाल्या, बोटांवरचा ताण कमी झाला आणि तो भारदस्त, खर्जातला नाद मिळाला. परंतु हे 1971 च्या तिसऱ्या अल्बममध्ये घडले. बँडची ओळख ठरलेले आधीचे दोन अल्बम मुख्यतः नेहमीच्याच पट्टीत आहेत. त्या नादामागे अपघाताइतकाच त्याचा कान आहे, आणि त्याचे तीन सोबतीही आहेत.

हे सगळे मी भाच्याला वाचून दाखवले. कातड्याच्या तुकड्यापाशी त्याने मला थांबवले, कारण त्याच्या सिलिकॉनच्या टोप्याही तारेवरून तशाच घसरत होत्या. दुसऱ्या दिवशी बसस्टँडसमोर चपला शिवून देणाऱ्याकडून आम्ही पातळ कातड्याचे दोन तुकडे आणले. जखम भरेपर्यंत गिटार भिंतीला टेकवलेली राहील. तोवर तो जुन्या टोपीवर कातडे चिकटवून, वाळवून, पॉलिशपेपरने घासून पाहतो आहे.