फादरना वेळेत बोलवा

दिवंगत डीकनवरचा (डीकन म्हणजे कॅथलिक चर्चमधला, धर्मगुरूंच्या खालच्या पायरीचा दीक्षित सेवक) तुमचा लेख आवडला. मृत्यूच्या तयारीबद्दल ते शेवटपर्यंत मोकळेपणानं बोलत होते, हे विशेष वाटलं. एक भर घालतो. डीकन बाप्तिस्मा देतात, लग्न लावतात, अंत्यविधी करतात, मरणासन्न माणसाला अखेरचं कम्युनियनही (ख्रिस्तप्रसाद) देतात. पण पापनिवेदन ऐकणं आणि रुग्णाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करणं) हे संस्कार धर्मगुरूंकडेच, म्हणजे फादरकडेच असतात. म्हणून चांगला डीकन काय करतो, तर फादरना वेळेत बोलवायला लावतो. आपल्याकडे मात्र ‘पेशंट घाबरेल’ म्हणून श्वास लागेपर्यंत थांबतात! वास्तविक गंभीर आजार किंवा म्हातारपणातलं दुबळेपण सुरू झालं, की रुग्णाभ्यंग घेता येतो, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं (१९६२-६५ची कॅथलिक चर्चची जागतिक धर्मसभा) ते स्पष्टच सांगितलंय. आणि बेशुद्ध माणूस पापनिवेदन कसं करणार? घरच्यांची भीती रुग्णाच्या नावावर खपवली जाते, असं माझं स्पष्ट मत.

बाकी तयारी रोजचीच आहे. रात्री झोपण्यापूर्वी दिवस तपासणं, अबोला धरलेल्या भावाला फोन करणं (हे सगळ्यात अवघड). ‘हे मरिये’ या प्रार्थनेत ‘आमच्या मरणाच्या वेळी’ असं आपण रोज म्हणतोच की. कुटुंबीयांचं सांत्वन. डीकनसाठी मिस्सा (चर्चमधली उपासना) अर्पण करायला सांगितली आहे.