न्यूसम यांचा दावा आणि त्या १२० दिवसांविषयी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमचे दोन आक्षेप आहेत. कॅलिफोर्नियाच्या २०२१ च्या रिकॉलमध्ये (निवडून आलेल्याला मुदतीआधीच पदावरून काढायचं का, यावरचं मतदान) मतपत्रिकेवर गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांच्या नावापुढे ‘डेमोक्रॅट’ छापायला नकार देणं हा निव्वळ तांत्रिकपणा होता, हा पहिला. आणि रिकॉलवाल्यांना कोर्टाने मतदारांच्या सह्या गोळा करायला १२० दिवस वाढवून दिले ते चालतं, मग न्यूसम कोर्टात गेले तर बिघडलं कुठे, हा दुसरा.

कोर्टात जाण्याने काहीच बिघडत नाही. मी एवढंच बघतो की, नियम पाळता आला नाही याला जबाबदार कोण.

आधी मुदतवाढ. कागदावर सह्या घेण्यासाठी १६० दिवस होते, ते १७ नोव्हेंबर २०२० ला संपत होते. करोनाने लोकांचं एकत्र येणंच बंद पाडलं होतं, म्हणून न्यायाधीश जेम्स अर्ग्वेलेस यांनी मुदत १७ मार्च २०२१ पर्यंत नेली. कारण खरं होतं. तरी १२० दिवस मला फार वाटतात. सह्यांना सुरुवातच जून २०२० मध्ये झाली, म्हणजे अडचण पहिल्या दिवसापासून समोर होती. आणि परिणाम केवढा! सुमारे १५ लाख वैध सह्या लागणार होत्या. हे महिने मिळाले नसते तर रिकॉल मतदानापर्यंत पोचला नसता.

आता न्यूसम. रिकॉलला तोंड देणाऱ्याला आपला पक्ष मतपत्रिकेवर छापून घेता यावा, हा कायदा २०१९ चा आणि त्यावर सही त्यांचीच. रिकॉलच्या नोटिशीला उत्तर देतानाच पक्ष कळवायचा, अशी अट होती. फेब्रुवारी २०२० मध्ये त्यांच्या वकिलांकडून ते राहून गेलं. जून २०२१ मध्ये, पक्ष छापून मिळावा म्हणून, त्यांनी सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्यातल्या निवडणुकांचं काम बघणारं पद) शर्ली वेबर यांच्यावर दावा लावला. वेबर यांना त्या पदावर नेमलं होतं न्यूसम यांनीच! मुदतीनंतरचा कागद घ्यायला कोर्टाचा आदेश लागेल, एवढंच वेबर यांच्या कार्यालयाने म्हटलं. वादी-प्रतिवादी एकाच गोटातले असले तर नियमाच्या बाजूने भांडायचं कुणी? मला हे फार खटकलं. जुलैत दावा फेटाळला तोही अर्ग्वेलेस यांनीच.

मतदाराला पक्ष कळायला हवा, हे मला पूर्ण मान्य आहे. त्यासाठी पुढच्या रिकॉलपासून अट सैल करा. स्वतःच्याच रिकॉलमध्ये नको. बाकी १४ सप्टेंबरला जवळपास ६२ टक्के मतदारांनी न्यूसम यांना ठेवायचा कौल दिला. पक्ष छापला नाही म्हणून त्यांचं नुकसान झालं, असं यातून दिसत नाही.

कोर्टात निदान कारणं लेखी द्यावी लागतात. विधिमंडळात बहुमत पुरतं, आणि मला जास्त संताप त्याचा आहे. २०१७ मध्ये राज्याचे डेमोक्रॅट सिनेटर जॉश न्यूमन यांच्याविरुद्ध रिकॉलची मोहीम चालू असतानाच डेमोक्रॅट बहुमताने नियम बदलले. मतदारांना सही मागे घ्यायला ३० दिवस, मग मतदानाच्या खर्चाचा अंदाज, मग त्या खर्चाचा आढावा घ्यायला विधिमंडळाला आणखी ३० दिवस. मतदान जून २०१८ वर गेलं. न्यूमन यांचं पद तरीही गेलं. २०२१ मध्ये लवकर मतदान न्यूसम यांच्या सोयीचं होतं, तेव्हा आढाव्याचे तेच ३० दिवस वगळणारा कायदा झाला आणि न्यूसम यांनी त्यावर सही केली. तुम्ही न्यूसम यांची बाजू इतक्या तळमळीने मांडली आहे, तर या सहीबद्दल तुमचं काय म्हणणं आहे ते मला जरूर वाचायचं आहे.