नाव पुसून पुढे ढकललेली माहिती

इंटरनेटवर जे दिसते ते सगळ्यांचे, ही समजूत आता इतकी रुळली आहे की तिच्याबद्दल शंका काढणारी व्यक्ती एकतर कद्रू ठरते किंवा काळाच्या मागे राहिलेली. मी स्वतः खुल्या माहितीच्या बाजूची आहे. ज्ञान कुलूपबंद ठेवून त्याची राखण करणाऱ्यांचा अनुभव आपल्या समाजाने शतकानुशतके घेतला आहे आणि त्याची किंमत कोणी मोजली हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको. म्हणूनच मला भांडायचे आहे ते माझ्याच बाजूच्या लोकांशी. दुसऱ्याचा मजकूर उचलून पुढे पाठवणे हा मला फार मोठा अपराध वाटत नाही. तो कोणी, कुठे आणि केव्हा लिहिला हे पुसून पुढे पाठवणे हा मात्र वाटतो. त्यात लेखकाचा मान जातो हे खरेच, पण त्याहून वाईट म्हणजे त्यातली चूक दुरुस्त करण्याची वाटच बंद होते.

हे अतिशयोक्तीचे वाटत असेल तर २०१८ साल आठवावे. त्या वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा गावी, मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. ते सोलापूर जिल्ह्यातून भिक्षा मागत तिकडे गेलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे लोक होते. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा त्या काळात देशभर व्हॉट्सॲपवर फिरत होत्या आणि त्यांच्यासोबत फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एकीत मोटारसायकलवरून आलेले दोघे जण रस्त्यावर खेळणारे मूल उचलून नेताना दिसत. ती चित्रफीत मुळात कराचीतल्या एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी पालकांना जागे करण्यासाठी बनवलेली होती. मूळ फितीत तेच मोटारसायकलस्वार मूल परत आणून सोडतात आणि मूल पळवायला किती थोडा वेळ लागतो हे सांगणारा फलक उघडून दाखवतात. कोणीतरी हा शेवट कापला. फलकाबरोबर कराची गेली, संस्था गेली, हेतू गेला, आणि उरला तो फक्त मूल पळवल्याचा ‘पुरावा’.

या फितीत खोटे असे काहीच नव्हते, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. एकही चित्र बनावट नव्हते, कोणाच्या तोंडी खोटे वाक्य घातलेले नव्हते; फक्त ती कोणी आणि कशासाठी बनवली हे सांगणारे काही सेकंद काढून टाकले होते. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली आणि पुढे ढकललेल्या संदेशावर तशी खूणही यायला लागली. पण ती खूण एवढेच सांगते की पाठवणाऱ्याने हे स्वतः लिहिलेले नाही. मग कोणी लिहिले आहे, हे ती सांगत नाही आणि विचारायची सोयही ठेवत नाही.

याच्या तुलनेत पु. लं.च्या किंवा कुसुमाग्रजांच्या नावावर खपणाऱ्या सुमार कविता ही करमणूकच म्हणायची. (दिवाळीच्या सुमारास पु. ल. जितके लिहितात तितके त्यांनी हयातीत लिहिले असते तर प्रकाशकांना दुसऱ्या लेखकांची गरजच पडली नसती.) मात्र चुकीच्या नावाने फिरणारी गोष्ट एकदा रूढ झाली की ती काढायला काय पडते, हे इतिहासाच्या अभ्यासकांना चांगले ठाऊक आहे. दुसऱ्याच एका व्यक्तीचे चित्र एके काळी शिवाजी महाराजांचे म्हणून सर्रास छापले जात असे. १९३३ साली इतिहाससंशोधक वा. सी. बेंद्रे यांनी डच साधनांतले अस्सल चित्र पुढे आणले तेव्हा कुठे ते मागे पडले. बेंद्र्यांना हे करता आले, कारण ज्या कागदांतून ते चित्र मिळाले त्या कागदांना ठावठिकाणा होता. चित्र कोणाच्या संग्रहातले आणि तिथे ते कसे आले, हे विचारता येत होते. आज आपल्या फोनमध्ये येणाऱ्या ऐतिहासिक छायाचित्रांपैकी कितींच्या बाबतीत हा प्रश्न विचारता येईल?

माझी एक मैत्रीण डॉक्टर आहे. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात तिने डेंग्यूवर एक साधा, उपयोगी लेख आपल्या फेसबुक पानावर लिहिला. ताप उतरल्यावरही पहिले काही दिवस धोक्याचे का असतात, कोणती लक्षणे दिसली की थेट रुग्णालय गाठायचे, कोणती वेदनाशामक औषधे स्वतःच्या मनाने घ्यायची नाहीत, असा त्याचा सगळा रोख होता. पंधरवड्याने तो लेख माझ्याकडे एका नातेवाइकांच्या समूहातून परत आला. नाव तिचेच होते, पदवीही होती, पण मधोमध पपईच्या पानांच्या रसाचा एक परिच्छेद शिरलेला होता आणि रुग्णालय गाठण्याविषयीचे वाक्य गायब होते. तिने आपल्या पानावर खुलासा टाकला. तो वाचला तिच्या ओळखीच्यांनी, ज्यांना त्याची गरज नव्हती. लेख ज्या वाटांनी गेला होता त्या वाटांनी खुलासा पाठवणे शक्यच नव्हते, कारण त्या वाटा कोणालाच माहीत नव्हत्या.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा या बाबतीत लोक समजतात त्यापेक्षा शहाणा आहे. त्याचे कलम ५७ लेखकाला दोन वेगळे हक्क देते: आपली कृती आपली आहे असे सांगण्याचा हक्क, आणि आपल्या प्रतिष्ठेला बाधा येईल अशी तिची मोडतोड झाल्यास दाद मागण्याचा हक्क. पैशाचे सगळे हक्क प्रकाशकाला विकून टाकल्यावरही हे दोन हक्क लेखकाकडेच राहतात. म्हणजे नाव आणि मजकुराची अखंडता यांची किंमत रॉयल्टीहून वेगळी आहे, हे कायद्याला मान्य आहे. ‘आम्ही यातून कुठे पैसे कमावतोय’ हा फॉरवर्ड करणाऱ्यांचा लाडका युक्तिवाद म्हणूनच मला पटत नाही, कारण तक्रार पैशाची नाहीच.

मग माहिती खुली ठेवायची आणि तिचा मागही टिकवायचा, हे जमते का? जमते, आणि त्याचा सर्वांत मोठा पुरावा आपण रोज वापरतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे. त्यातल्या कोणत्याही लेखाच्या माथ्यावर ‘इतिहास पहा’ अशी कळ असते, जी बहुतेक वाचक आयुष्यात एकदाही दाबत नाहीत. ती दाबली की त्या लेखात झालेला प्रत्येक बदल तारीख, वेळ आणि करणाऱ्याच्या सदस्यनामासह ओळीने दिसतो. कोणत्याही दोन आवृत्त्या शेजारीशेजारी ठेवून कोणता शब्द काढला आणि कोणता घातला हे पाहता येते, आणि बिघडवलेला लेख एका टिचकीत पूर्ववत करता येतो. शेजारच्या ‘चर्चा’ पानावर वाद घालता येतो. एखाद्या गावाच्या लेखात कोणीतरी आपल्या आजोबांना संस्थानिक करून टाकले, तर ते कोणत्या दिवशी राज्यावर बसले हे मिनिटासकट कळते.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे मी म्हणणार नाही. २००५ साली अमेरिकी पत्रकार जॉन सीगेनथॅलर यांच्यावरील इंग्रजी लेखात केनेडी बंधूंच्या हत्येत त्यांचा हात असल्याचा एके काळी संशय होता, असे धादांत खोटे वाक्य कोणीतरी घातले आणि ते चार महिन्यांहून अधिक काळ तसेच राहिले. सीगेनथॅलर हे स्वतः एके काळी रॉबर्ट केनेडींचे सहायक होते, म्हणजे त्यांच्यासाठी याहून क्रूर थट्टा नसेल. त्यांनी वर्तमानपत्रात लेख लिहून जाब विचारला, तेव्हा इंग्रजी विकिपीडियाने खाते न उघडता नवा लेख सुरू करण्याची मुभा काढून घेतली. चूक घडली, सापडली, तिचा उगम शोधता आला आणि नियम बदलला. आपल्या समूहातल्या एखाद्या खोट्या संदेशाच्या बाबतीत यातली शेवटची दोन पावले कधी पडल्याचे मी ऐकलेले नाही.

इथे कोणी विचारेल, की विकिपीडियावर तरी लोक खऱ्या नावाने कुठे लिहितात? टोपणनावाने लिहितात, आणि मला त्यात काही वावगे दिसत नाही. मला हवा आहे तो मजकुराचा माग. लिहिणाऱ्याच्या घराचा पत्ता नको. वर्षानुवर्षे एकाच सदस्यनामाने लिहिणाऱ्या माणसाचे सगळे काम तपासता येते, त्याला प्रश्न विचारता येतो, आणि तेवढे पुरते. घराचा पत्ता मिळाला की काय होते याची चुणूक आपल्याला मिळालीच आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने २०२४ मध्ये विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनवर दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचा दावा लावला, तेव्हा एएनआयवरच्या लेखात बदल करणाऱ्या तीन संपादकांची ओळख देण्याचा आदेश झाला. त्या खटल्याविषयीचे पानच काढून टाकण्याचा पुढचा आदेश मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्याआधी फेब्रुवारीत, छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखातल्या मजकुरावरून महाराष्ट्र सायबर या राज्य पोलिसांच्या शाखेने काही संपादकांवर गुन्हा नोंदवला.

त्या मजकुराने लोक दुखावले होते हे मी नाकारत नाही. पण संभाजी महाराजांची नाटका-कादंबऱ्यांतून रुजलेली विकृत प्रतिमा मराठीत पुसली गेली ती गुन्हे नोंदवून नव्हे. बेंद्र्यांनी कित्येक वर्षे कागदपत्रे धुंडाळली, १९६० साली साधार चरित्र लिहिले, त्यानंतर कमल गोखल्यांसारखे अभ्यासक आले, आणि जुनी प्रतिमा पुराव्यापुढे टिकली नाही. इंग्रजी लेखात हे संशोधन कमी पडत असेल तर ते तिथे पृष्ठ क्रमांकासह नेऊन घालणे हे आपले, मराठी वाचता येणाऱ्यांचे, काम आहे. संपादकांना पोलिसांची भीती घातली की हे काम करू शकणारे अभ्यासक आधी निघून जातात आणि मागे राहतात ते बनावट खाती उघडणारे.

पुस्तकांच्या पीडीएफचा विषय टाळून पुढे जाता येणार नाही. टेलिग्रामवर हयात मराठी लेखकाचे नवे पुस्तक फुकट वाटणाऱ्याला वाचनसंस्कृतीचा सेवक म्हणायला मी तयार नाही. जिथे एक आवृत्ती पाचशे-हजार प्रतींची निघते तिथे पन्नास प्रती बुडाल्या तरी पुढची आवृत्ती अडते. मात्र वर्षानुवर्षे पुनर्मुद्रण न झालेल्या, ग्रंथालयात वाळवी लागलेल्या पुस्तकाची छायाप्रत कोणी जपून चढवली, तर माझ्याच्याने त्याला चोर म्हणवत नाही. न्यायालयांनीही सरसकट दांडा उगारलेला नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिसवर तीन बड्या परदेशी प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. अध्यापनासाठी पुस्तकांतले उतारे छापून देणे कायद्यात बसते, असा निर्णय दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये दिला. आणि ज्यावर वाद होण्याचे कारणच नाही असे भांडार तर केवढे आहे! लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटली की त्याने हयातीत प्रसिद्ध केलेले साहित्य मुक्त होते. साने गुरुजी २०११ पासून मुक्त आहेत. सावरकरांचे साहित्य १ जानेवारी २०२७ ला, अत्र्यांचे २०३० ला होईल. केतकरांचा तेवीस खंडांचा ज्ञानकोश तर केव्हाच मुक्त झाला आहे. यातले टंकलेखन, मुद्रितशोधन करायला माणसे मिळत नाहीत, आणि चोरटी पीडीएफ फिरवायला मात्र मिळतात, याला काय म्हणावे.

मुक्त झालेल्या मजकुरालाही नाव लागतेच. मराठी विश्वकोशातल्या नोंदीच्या शेवटी संदर्भग्रंथ असतात आणि त्याखाली ती लिहिणाऱ्याचे नाव असते. स्पर्धा परीक्षांच्या फुकट नोट्समध्ये त्या नोंदी जशाच्या तशा उतरलेल्या दिसतात, फक्त शेवटच्या त्या दोन ओळी तेवढ्या नसतात. विकिपीडियाचा मजकूर २००९ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ज्या परवान्याखाली आहे तो कोणालाही वापरायला, बदलायला, विकायलासुद्धा देतो. मोबदल्यात श्रेय मागतो आणि बदललेले पुन्हा त्याच अटींवर खुले ठेवा म्हणतो. इतका स्वस्त सौदाही पाळला जात नाही. आता संभाषण करणारी यंत्रे हाच सगळा मजकूर पचवून गोड मराठीत उत्तरे देऊ लागली आहेत, आणि उत्तराबरोबर उगम न देणे ही जी आपली सवय होती ती त्यांच्यात मोठ्या प्रमाणावर उतरण्याचा धोका आहे. यंत्राकडे संदर्भ मागण्याचा हट्ट वाचकांनी धरला नाही, तर तो दुसरे कोणी धरणार नाही.

शेवटी सरकारकडे वळावे लागते, कारण मराठीतली सर्वांत भरवशाची माहिती जनतेच्या पैशाने तयार झालेली आहे आणि तिच्यावरही साठ वर्षांचा कॉपीराइट असतो. अमेरिकेत संघराज्य सरकारने निर्माण केलेल्या मजकुरावर तो नसतो. आपल्याकडे केंद्राने २०१७ मध्ये शासकीय आकडेवारीपुरता खुला परवाना आणला. गोवा विद्यापीठाने तर २०१३ मध्येच आपला चार खंडांचा कोंकणी विश्वकोश क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला करून टाकला. आपली जिल्हा गॅझेटिअर, परिभाषा कोश, शासनाच्या मंडळांनी काढलेली पुस्तके यांतल्या प्रत्येकावर पुनर्वापराची परवानगी स्पष्ट छापलेली असली पाहिजे. त्यासाठी विधिमंडळात जावे लागत नाही. मंत्रालयातून निघालेला एक शासन निर्णय पुरतो, आणि श्रेयाची अट त्यात पहिल्याच कलमात घालता येते.